फडक्यात बांधलेल्या बांगड्या

आमच्या गावात आलेल्या नव्या नवरीचा हात नवऱ्याच्याही आधी हाजराबी धरायची. ही थट्टा माझी नव्हे, तिचीच. लग्न होऊन मी त्या घरात आले, त्याच आठवड्यात तिनं ती भर ओसरीवर, माझ्या सासूबाईंच्या तोंडावर केली. लाजावं की हसावं या घोळात मी असतानाच पहिली हिरवी बांगडी माझ्या मनगटावर जाऊन बसली होती.

मी तिथंच चाट पडले. माझे हात म्हणजे आमच्या माहेरच्या कासाराची डोकेदुखी. हाड रुंद, आणि त्यात मी भित्री. बांगडी अंगठ्याच्या बुंध्याशी आली की मी हात आखडून घ्यायची आणि दर खेपेला दोन-तीन तरी वाढायच्या. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे आईनंच शिकवलेलं. पण इतक्या वाढायला लागल्यावर तीसुद्धा सरळ फुटली म्हणायला लागली होती. हाजराबीनं मात्र माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले आणि एकही वाढली नाही.

"बांगडी हाडाला न्हाई अडत, बाई," ती म्हणाली. "भीतीला अडती. हात ढिला सोडला की हत्तिणीलाबी बसंल."

हत्तीण कोण, हे मी विचारलं नाही. सासूबाई पदराआड हसत होत्या, त्यावरून काय ते समजले.

हाजराबी आमच्या गावची मन्यारीण, म्हणजे बांगड्या भरणारी. आमचं गाव नरसीपासून सेनगावच्या अंगाला, ज्वारी, कापूस आणि तुरीवर जगणारं. त्या वेळी आम्ही निजामाच्या राज्यात होतो. बोलताना सगळे त्याला मोगलाईच म्हणत. गावाच्या खालच्या अंगाला मुसलमानांची एक आळी होती, तिथं हाजराबी आणि तिचा एकुलता मुलगा गफूर राहत. नवरा कधीच वारलेला. उंच, हाडकुळी बाई. पुढचे दोन दात गेलेले. लुगडं आमच्यासारखंच, फक्त कानात चांदीच्या बाळ्यांची रांग आणि पायात गफूरच्या जुन्या वहाणा. डोक्यावरच्या टोपलीत दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा असत. ती आमच्या आळीच्या तोंडाशी आली की त्यांची किणकिण घराघरांत पोचे आणि पोरी हातातलं काम टाकून ओसरीकडे पळत. एवढी धीट छातीची बाई, पण बेडकाला भ्यायची. पावसाळ्यात आमच्या अंगणातून येताना "बेडूक हाकला आधी!" म्हणून बाहेरूनच ओरडायची.

तिची हातोटी मी पुढं नीट पाहिली. ती आधी हात नुसता धरून बसे. मग बोटं एकेक करून चेपी, तळहात दाबी, आणि सारखी बोलत राही. बांगडी सांध्यावर येई त्या नेमक्या क्षणी काहीतरी भलतंच विचारी. "तुझ्या माहेरची म्हैस कुठल्या रंगाची वं?" म्हैस आणि रंग, काय विचारतेय ही, असं बाईच्या मनात येईतो बांगडी आत गेलेली असे. शेवटी प्रत्येक हातात एक बांगडी जास्तीची भरी. "ही वरची. हिचे दाम न्हाई," म्हणे. भरून झालं की आम्ही वाकून तिच्या पाया पडायचो. बांगड्या भरणाऱ्याच्या पाया पडायची रीतच आहे, मग तो कुणी का असेना.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळ्या आत्याबाई म्हणायचो. त्या आणि हाजराबी म्हणजे तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. आत्याबाईंचं सोवळं कडक. हाजराबीला पाणी द्यायचं ते वरून धार धरून, तिच्या ओंजळीत. ती पाणी पिऊन ओंजळ झटकी आणि म्हणे, "बडी बाई, तुमी पानी देता का मला आंघोळ घालता?" बांगड्यांच्या बदल्यात सुपातून ज्वारी द्यायची, त्यावरही दोघी दर खेपेला घासाघीस करत. इतकं भांडून झाल्यावर हाजराबी निघाली की आत्याबाई म्हणत, "पुढच्या बाजाराला येशील ना वं?" ती आली नाही तर दिवसभर घुश्शात असत.

तिला हातावरून घर कळे. एकदा आमच्या शेजारच्या बाईच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. बाई म्हणाली, जात्याचा खुंटा लागला. हाजराबी टोपली उचलून तडक पारावर गेली, जिथं त्या बाईचा नवरा चार माणसांत बसला होता. "दादा, तुमच्या कारभारनीचा हात सुजलाय, माप बसून न्हाई राहिलं. सूज उतरली का ते मी रोज इचारायला येते." आणि खरोखर ती रोज पारावर गेली, रोज सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं. त्या माणसानं आधी पारावर बसणं सोडलं आणि मग हात उगारणं. भांडण नाही, तंटा नाही. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि बांगड्या नसताना पाया पडायची रीत नव्हती म्हणून राहिलं.

मग ते वाईट वर्ष आलं. मोगलाई राहणार की जाणार याचा घोळ चालला होता आणि बंदुका घेतलेल्या टोळ्या गावं लुटत, जाळत फिरत होत्या. आमच्या गावावर आल्या नाहीत. माझ्या नणंदेच्या गावावर आल्या. वैशाखात एके दुपारी राधावन्सं आमच्या दारात बैलगाडीतून उतरल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि कडेवर सहा वर्षांची गोदू. वन्संच्या यजमानांना घरासमोरच मारलं होतं आणि घर पेटवून दिलं होतं.

वन्सं रडायच्या, बोलायच्या, निदान त्यांचं दुःख दिसायचं तरी. गोदू काहीच करत नव्हती. माजघरात धान्याची मोठी कणगी होती, तिच्या मागं भिंतीला टेकून बसायची. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. बोलणं नाही, रडणं नाही. भाकरी हातात धरायची तर मूठ उघडायला हवी, ती उघडत नव्हती. वन्सं घास तोंडात घालायच्या तेव्हा दोन-चार जायचे. पोर दिवसादिवसाला वाळत चाललं होतं.

आत्याबाईंना नातीचं हे बघवेना. त्यांनी आजीला सुचेल तेच केलं. "पोरीला हिरव्यागार बांगड्या भरू. हात भरले की मन लागंल तिचं," म्हणाल्या आणि हाजराबीला निरोप धाडला. आम्हा सगळ्यांना ते पटलं. रुसलेल्या पोरीला बांगड्या भरायच्या, हे आमच्याकडचं साधं औषध.

हाजराबी नेहमीसारखी किणकिणत आली. तिनं ओसरीवर टोपली उतरवली, माळा खळकन वाजल्या, आणि आत कणगीमागून अशी किंकाळी आली की माझ्या हातातली परात पडली. गोदू डोकं भिंतीवर आपटत होती. आम्ही धरायला गेलो तर चावायला लागली. टोपली गल्लीबाहेर गेली तेव्हा कुठं ती गप्प झाली.

कारण वन्संनी सांगितलं. नवरा गेल्यावर रीतीप्रमाणे सासरच्या म्हाताऱ्यांनी वन्संचे हात उंबऱ्यावर ठेवून बांगड्या दगडानं फोडल्या होत्या. बाहेर घर जळत होतं, आणि हे शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर. रीत राहून जाऊ नये म्हणून एवढी घाई. गोदू आईला चिकटून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, आणि ऐकलं होतं.

संध्याकाळी हाजराबी परत आली, रिकाम्या डोक्यानं, टोपली घरी ठेवून. वन्सं तिला पाहून आत जायला उठल्या. ज्यांनी त्यांचं घर जाळलं ते लोक हाजराबीच्या धर्माचे होते, आणि वन्संच्या मनात काय असेल ते मी समजू शकत होते. हाजराबीलाही समजलं.

"बाई, माझं तोंड नको बघू, न्हाई बघायचं तर," ती म्हणाली. "पन तुझा हात माझ्या वळखीचा हाय. लगनात म्याच भरला व्हता."

वन्सं उभ्या राहिल्या. हाजराबीनं त्यांचे दोन्ही मोकळे हात आपल्या हातांत घेतले आणि नेहमीसारखी बोटं चेपत बसली, बराच वेळ. भरायला काही नव्हतं. वन्सं तेव्हा जशा रडल्या तशा आमच्यापाशी कधी रडल्या नव्हत्या.

आत्याबाईंनी मात्र गोदूसाठी दुसरं ठरवलं होतं. सोयऱ्यांतला एक म्हातारा डाग द्यायचा. तापलेल्या विळ्याचा चटका पोटावर दिला की भ्यालेलं पोर बोलायला लागतं म्हणे. अमावस्येला त्याला बोलवायचं ठरलं. वन्सं नको म्हणत होत्या, पण माहेरी परत आलेल्या विधवेच्या नको म्हणण्याला तेव्हा किती किंमत होती ते सांगायला नको. हाजराबीनं ऐकलं आणि आत्याबाईंसमोर बसकण मारली.

"बडी बाई, लेकराला आग नका दावू. आगीतूनच आलंय ते."

"मंग मरू देऊ का तिला? खाऊन न्हाई राहिली पोर!"

"अवसेपस्तोर मला येऊ द्या. न्हाई जमलं तर तुमचा ईळा हायेच."

आत्याबाईंनी विचारलं, "बांगड्या आनशील?"

"न्हाई. नुसती येते."

दुसऱ्या दिवसापासून हाजराबी दुपारी यायची, माजघरात कणगीकडं पाठ करून बसायची आणि वन्संबरोबर तूर निवडायची. एरवी आत्याबाईंनी तिला माजघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. आता त्या स्वयंपाकघरातून नुसतं भांडं आपटत. गोदूकडे हाजराबी वळूनसुद्धा बघत नसे. तिला हाक नाही, लाडीगोडी नाही. बोलायची ते सगळं वन्संशी, आणि बोलायची काय, तर स्वतःच्या हाताचं रडगाणं.

"काय सांगू बाई, लई तकलीफ हाय या हाताची. उमर गेली लोकांचे हात दाबन्यात. आता माझाच हात दुखून राहिला तर दाबायला कोन न्हाई. गफूर म्हनतो, अम्मी, तेल लाव. तेल काय करतंय? मानसाचा हात लागतो."

असं म्हणत उजवा हात पाठीमागं, कणगीच्या बाजूला जमिनीवर पसरून ठेवायची. तळहात वर. आणि डाव्या हातानं तूर निवडत राहायची. हात तसाच पडून असायचा. दिवस जात होते, अमावस्या जवळ येत होती, आणि मला त्या पसरलेल्या हाताचा राग यायला लागला होता. ही काय युक्ती झाली? पोराला खाऊ द्या, गोष्ट सांगा, काहीतरी करा! मी तसं म्हणूनही दाखवलं. हाजराबी म्हणाली, "तुझा हात भरताना घाई केली व्हती का म्या?"

अमावस्येच्या आदल्या दुपारी मी ताक घुसळत होते. माझी नजर गेली तर कणगीमागून एक मूठ पुढं आली होती. ती हाजराबीच्या तळहातावर येऊन थांबली. आवळलेलीच. वन्संनी तोंडावर पदर घेतला. हाजराबी तूर निवडत राहिली, फक्त आवाज थोडा खाली आला.

"मुठीनं दाबलं तर हात आनखीनच दुखतो, राधाबाई," ती वन्संना म्हणाली. "दाबायला बोटं लागतात."

हाजराबीनं आणखी चार दाणे निवडले. मग एक बोट उघडलं. मग दुसरं. तळव्यात नखं रुतून जखमा झाल्या होत्या, कातडी पांढरी पडली होती. ती इवली बोटं हाजराबीचा अंगठा धरून दाबायला लागली. हाजराबीनं डोळे मिटले आणि खरंच बरं वाटल्यासारखा मोठा सुस्कारा सोडला.

त्या संध्याकाळी गोदूनं भाकरीचा तुकडा स्वतःच्या हातात धरून खाल्ला. आत्याबाईंनी विळा आढ्याला खोचून ठेवला आणि हाजराबीला सूपभर ज्वारी दिली. हाजराबी म्हणाली, "कशाची? आज तर तुमच्या नातीनं मला देलं," आणि ज्वारी घेतली मात्र.

गोदू आता खायची, झोपायची, रोज दुपारी हाजराबीचा हात चेपायची. बोलायची नाही, आईच्या कानात काहीतरी कुजबुजायची तेवढंच. बांगड्यांच्या आवाजाचं भय गेलं नव्हतं. म्हणून हाजराबीनं आमच्या आळीत यायची पद्धतच बदलली. माळा एका जुन्या फडक्यात घट्ट बांधून आणायची. टोपली वाजायची नाही. बायका कुरकुरल्या, "हाजराबी, तू आली ते कळतच न्हाई. गेल्या बाजाराला आमच्या दारावरून निघून गेली." हाजराबी म्हणाली, "टोपली मुकी झाली, मी झाली का?" आणि त्यानंतर आळीच्या तोंडाशी उभी राहून "बांगड्याऽऽ" अशी आरोळी ठोकू लागली. दोन दात नसल्यानं तिच्या आरोळीला शिट्टीची जोड असायची. गोदूला तिचं हसू येई. ते हसू आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत्याबाई उगाचच देवघरात जाऊन आल्या.

भाद्रपदात फौज आली आणि मोगलाई संपली. आमच्या गावात गूळ वाटला. पण त्यानंतर जे झालं ते बोलायला अजून लोक तयार नसतात. आजूबाजूच्या गावांतले जमाव मुसलमानांच्या आळ्यांवर जाऊ लागले. त्या जमावांतल्या कितीकांची घरं जळलेली होती हे खरं. पण त्यांनी ज्यांना गाठलं त्यांनी ती जाळली नव्हती, हेही तितकंच खरं. आमच्या गावावर जमाव येतोय असं कळलं तेव्हा आत्याबाईंनीच माझ्या मालकांना पिटाळलं. "आधी हाजराबीला आन. जा!" ती मागच्या दारानं आली, टोपली पोटाशी धरून. तिचं घर संध्याकाळपर्यंत रिकामं झालं होतं, दाराच्या फळ्यासुद्धा नेल्या होत्या.

गफूर माल आणायला हिंगोलीला गेला होता. तो परत आला नाही. चार दिवसांनी गावचा एक गाडीवान आला आणि त्यानं सांगितलं की गफूरला वाटेत गाठलं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

हाजराबी ऐकून उठली आणि माजघरात कणगीमागं जाऊन बसली. गोदूच्याच जागी. मुठी आवळून मांडीवर ठेवल्या. जी बाई माणूस नसेल तर जात्याशी बोलायची, ती बोलेना. वन्संनी समजावलं, मी समजावलं. आत्याबाई आपल्या पितळी तांब्यातून पाणी घेऊन गेल्या आणि त्यांनी तो तांब्या स्वतःच्या हातानं तिच्या ओठांना लावला. "पी गं बाई. रड तरी," म्हणाल्या. पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. बाई अशीच बसून जाणार, असं आत्याबाई दाराआड मला म्हणाल्या आणि त्यांनाच हुंदका आला.

गोदू दारातून हे बघत होती. ती आत आली. कणगीपाशी हाजराबीकडं पाठ करून बसली. समोर तुरीचं सूप होतं ते पुढं ओढलं आणि आपला उजवा हात पाठीमागं जमिनीवर पसरून ठेवला, तळहात वर.

"खाला," ती म्हणाली. मुसलमानांच्या आळीत मावशीला म्हणतात तसं, स्वच्छ, मोठ्यानं. आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो. "माझा हात दुखून राहिला. दाब ना."

हाजराबीनं त्या हाताकडं पाहिलं.

"काहून दुखतो?" आवाज खरवडून निघाल्यासारखा होता.

"भाकऱ्या थापल्या. लई थापल्या."

सहा वर्षांच्या पोरीनं जन्मात भाकरी थापली नव्हती. ते हाजराबीला ठाऊक होतं, आणि ही युक्ती कुणाची तेही. तिच्या मुठी उघडल्या. तिनं तो चिमुकला हात उचलून मांडीवर घेतला आणि एकेक बोट चेपू लागली. "लई काम करती माझी बाई," म्हणाली, "लई काम करती," आणि मग गफूरच्या नावानं तिनं जो हंबरडा फोडला त्यानं घर हादरलं. गोदूनं हात काढून घेतला नाही.

दसरा उलटल्यावर परभणीकडचा तिचा भाऊ बैलगाडी घेऊन तिला न्यायला आला. ज्या वाटेवर गफूर गेला त्याच वाटेनं रोज टोपली घेऊन फिरणं तिच्यानं होणार नव्हतं. आत्याबाईंनी गाडीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि या खेपेला कुणीच घासाघीस केली नाही. निघताना मी वाकून तिच्या पाया पडले. बांगड्या भरलेल्या नसतानाही.

गाडी निघाली. हाजराबी मागच्या बाजूला तोंड करून बसली होती, मांडीवर टोपली. वाट खडकाळ, गाडी हेलकावे खात होती, पण टोपलीतून आवाज येत नव्हता. आमच्या आळीतून जायचं म्हणून त्या दिवशीसुद्धा तिनं माळा फडक्यात घट्ट बांधल्या होत्या. ते माझ्या लक्षात आलं नाही; गोदूच्या आलं. ती एकदम गाडीमागं धावत सुटली.

"खाला! फडकं काढ! खाला, फडकं काढ!"

हाजराबीला आधी कळलं नाही. मग तिनं खाली मान घातली, गाठ सोडली आणि फडकं ओढून काढलं. गाडीचं चाक दगडावरून उतरलं आणि सगळ्या माळा एकदम खळाळल्या. वन्संनी माझा दंड धरला. गोदू वाटेत थांबली होती. गाडी बाभळींच्या आड गेली तरी किणकिण येतच होती, आणि पोर दोन्ही हात मोकळे सोडून ती ऐकत उभी होती.